खेळाचा जीर्णोद्धार

गणपतीत दुपारचं जेवण झालं की आमचं सगळं घर आडवं होतं. बाहेर एखादी सर येते, पागोळ्या वाजवते आणि निघून जाते. माजघरात अगरबत्ती, उकडलेल्या हळदीच्या पानांचा वास आणि ओल्या पायपुसण्यांचा कुबट वास एकत्र रेंगाळत असतात. अशाच एका दुपारी भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. मला डोळा लागत होता, पण कानावर आलेला आवाज ओळखीचा निघाला : लाकडावर पडणारे कुऱ्हाडीचे घाव, मेंढीचं बेंबटणं, मधूनच एक घंटा. 'एज ऑफ एम्पायर्स २', गाव वसवून, फौज उभी करून लढायचा संगणकावरचा खेळ. उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याची ही नवी आवृत्ती, २०१९ची, डेफिनिटिव्ह एडिशन. पाण्यावर ऊन चमकत होतं, इमारत पडली तर दगड न् दगड घरंगळत होता. गिरणीभोवती शेतं आखलेली होती. त्यातलं एक संपलं आणि मी डोळे मिटायच्या आत पुन्हा उगवलं. शेतातला माणूस वाकलेला होता तो वाकलेलाच राहिला.

"कोणी पेरलं रे ते?"

"आपोआप होतं मामा. गिरणीत सेटिंग आहे." त्याने मान वर केली नाही.

सेटिंग चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला ते खुपलं, आणि का खुपलं हे संध्याकाळच्या आरतीपर्यंत कळेना. आमच्या मागीलदारी उतरलं की मळा लागतो. बाबा थकल्यापासून तो पडीक आहे. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि रानडुकरं वेगळीच. तिथे आता पावसात कमरेएवढं गवत माजतं. त्या गवताकडे पाठ करून मी पडद्यावरच्या शेताशी का भांडत होतो, देव जाणे.

आमच्या वेळचं शेत असं नव्हतं. २००३-०४च्या सुमारास तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर एमएस-सीआयटीचा क्लास होता. सरांनी दिवसभर वर्ड, एक्सेल शिकवायचं आणि शेवटची बॅच सुटली की आम्हा चार-पाच पोरांना "अर्धा तास हां" म्हणून संगणक मोकळे सोडायचे. तो अर्धा तास शेवटच्या एसटीपर्यंत ताणला जायचा. खारी हवा खाऊन मॉनिटरच्या मागच्या जाळ्या गंजलेल्या, माउसच्या पोटातला रबरी गोळा दर दोन दिवसांनी काढून पुसायचा, आणि सीडीवर तर पावसाळ्यात बुरशीची नक्षी उठायची. ती शर्टाच्या टोकाने मधून बाहेर पुसायची असते, गोल गोल नाही, हे मला संगणकाच्या अभ्यासक्रमातल्या कुठल्याही धड्यापेक्षा पक्कं आठवतं. आणि भारनियमन. लाइट गेली की यूपीएस टूं टूं करत राहायचा आणि तेवढ्या मिनिटांत लढाई संपवायची किंवा सेव्ह करायची. शेत संपल्याचा इशारा त्याच गडबडीत यायचा. मग नकाशावर परत मागे धावायचं, करपलेला तुकडा शोधायचा, रिकामा उभा असलेला माणूस पकडायचा, साठ लाकडं मोजायची आणि पुन्हा पेरायचं. तेवढ्यात पुढे सगळं सैन्य कापलं गेलेलं असायचं. पुढे 'द कॉन्करर्स' ही पुरवणी हाती आली, तिच्यात गिरणीपाशी पेरणीचे पैसे आगाऊ भरून रांग लावता येऊ लागली, तेव्हा आम्हाला पॉवर टिलर आल्यासारखं वाटलं होतं.

आमच्यातला एक गाबीत मुलगा होता. वडिलांचा ट्रॉलर. त्याला शेताची कटकट नको असायची, तो सरळ गोदी बांधून होड्या सोडायचा. मूळ खेळात तेरा संस्कृती होत्या, ब्रिटनपासून वायकिंगांपर्यंत, त्यात आपलं कोणीच नव्हतं. पण खिडकीतून खाडीचं तोंड दिसत असताना गॅलीला गॅली कोण म्हणणार? आमच्याकडे त्यांची नावं गुराब आणि गलबत. वायकिंगांची लांब जहाजं आंग्र्यांची समजून आम्ही चालवायचो, आणि समोरचा नेहमी सिद्दी. इतिहासाचे मास्तर बघते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. एकदा कोणीतरी भर खेळात मासेमारीची होडी काढली तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता, आणि हा पठ्ठ्या ओरडला, "मेल्या, आषाढात होडी दर्यात घातलंस? बुडतलंस!" आम्ही सगळे हसलो. जून-जुलैची बंदी आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ या गोष्टी अमेरिकेतल्या त्या कारागिरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्यांच्या समुद्रातला मासा मारून मारून संपायचा, हे मात्र त्यांनी बरोबर घेतलं होतं. तेव्हा त्याला तोच विनोद वाटायचा. परवा गणपतीला घरी आला होता. पर्ससीनवाल्यांनी काय करून ठेवलंय ते सांगत बसला, खेळाचा विषय निघालाच नाही.

नंतर मी मुंबईला गेलो, नोकरी लागली, संगणक बदलत गेले. विंडोज ७ आलं तेव्हा हौसेने तीच सीडी घातली, आणि समुद्र जांभळा झाला.

गवत तांबडं, समुद्र जांभळा. लहानपणापासून मी समुद्र पुष्कळ रंगांत पाहिलाय. मे महिन्यातला काचेसारखा हिरवा, पहिल्या पावसानंतरचा चहासारखा. पण हा जांभळा कुठल्याच ऋतूत नव्हता. कारण कळलं तेव्हा गंमत वाटली. त्या काळचा खेळ एकूण २५६ रंगांच्या पेटीवर चालायचा. कुठल्या क्रमांकाच्या खणात कुठला रंग हे खेळ ठरवणार, आणि पडद्यावर फक्त क्रमांक जाणार. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप सांभाळणारा प्रोग्रॅम त्याच पेटीत हात घालायचा, खण इकडचे तिकडे व्हायचे. उपाय त्याहून मजेदार. टास्क मॅनेजर उघडायचा आणि तो डेस्कटॉपवाला प्रोग्रॅम, एक्सप्लोरर, बंद पाडायचा. टास्कबार, आयकॉन, सगळा डेस्कटॉप नाहीसा व्हायचा आणि समुद्र निळा. जुनं चालवण्यासाठी नव्याला अर्धा तास बाहेर उभं करायचं.

प्रत्येक जुन्या खेळाचं दुखणं वेगळं. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यातले काही खेळ प्रोसेसरच्या वेगावर घड्याळ लावून घ्यायचे. नव्या यंत्रावर ते असे पळतात की तुमची फौज जन्माला येऊन मरेपर्यंत तुमचा हात माउसवर पोचत नाही. काहींचा इन्स्टॉलर १६ बिटांचा. खेळ चालला असता, पण ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो दारातच अडतो. आणि ज्यांनी प्रामाणिकपणे दुकानातून खोके विकत घेतले त्यांची तर थट्टाच झाली. पुष्कळ सीडींवर नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. ते विंडोजमध्ये खोलवर जाऊन बसायचं आणि सुरक्षेला धोकादायक होतं. म्हणून २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्ये ते बंद पाडलं, विंडोज १०मध्ये घेतलंच नाही. खरी सीडी मुकी झाली, आणि कुलूप तोडून स्टँडसमोर विकली गेलेली सीडी बोलत राहिली. हे मी चोरीचं समर्थन म्हणून सांगत नाही. पण काय टिकलं याचा हिशेब लावायला बसलं की तो नीतीच्या वहीप्रमाणे लागत नाही, एवढं खरं.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये एक पाहणी केली होती. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा रीतसर विकत मिळत नव्हते. म्हणजे पुन्हा निघालेले खेळ हे नशीबवान तेरा टक्क्यांतले. ते बाजारात येतात कसे, हे बघण्यासारखं आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टवाल्यांनी २००८मध्ये गॉग हे दुकान काढलं, जुने खेळ आजच्या संगणकावर चालतील असे करून, कुलूप न लावता विकायचे. डॉसच्या खेळांसाठी त्यांनी डॉसबॉक्स वापरला. तो हौशी लोकांनी फुकट घडवलेला प्रोग्रॅम आहे, आतल्या आत जुना संगणक उभा करणारा. 'एज'चंही तसंच. मूळचं एन्सेम्बल स्टुडिओज २००९मध्ये बंद पडलं. खेळ पोरका झाला, पण चाहते थांबले नाहीत. रुंद पडद्यावर चालावा म्हणून त्यांनीच दुरुस्त्या लिहिल्या, आपापसांत सामने भरवले, नव्या संस्कृती रचल्या. २०१३ला एचडी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी या हौशी मंडळींचं 'द फरगॉटन' अधिकृत पुरवणी म्हणून विकलं गेलं. २०१९च्या आवृत्तीमागेही तीच माणसं. वर्षानुवर्षं पदरमोड करून दुरुस्ती करणारे शेवटी मानकरी झाले, असं क्वचित होतं.

आमच्या गावात सध्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, म्हणून हे सगळं मला जास्तच लागतंय. कोकणातल्या कुठल्याही गावचा माणूस पुढचं वाक्य माझ्याआधी बोलेल : चिऱ्याच्या भिंती, सागवानी खांब, वर कौलं, आणि आता तिथे स्लॅब, ग्रॅनाइट, चकचकीत टाइल्स. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आराखडा आला त्यात सभामंडपाला पिवळ्या-गुलाबी रंगाचे गोल खांब होते. मी लगेच विरोध नोंदवला. खांबांवरची कमळं बघा, छताची कडीपाट बघा, दुपारी आत शिरल्यावर लागणारा तो गारवा बघा. चाकरमान्यांनी भराभर अंगठे दिले. गावातल्यांपैकी एकानेही दिला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याचा खुलासा काकीने चुलीपुढे बसून केला. "तुमका काय, पाच दिस येतास आणि जातास. पावसात बादल्यो कोण ठेवता? मी."

शाकारणी ही गोष्ट मी विसरलो नव्हतो, पण ती आठवणीत ज्या कप्प्यात होती तो कप्पा गोड होता. मे महिन्यात छपरावर चढलेली माणसं, खाली रचलेली कौलं, फुटकी बाजूला, आम्ही मुलं एकमेकांच्या हातात कौलं देतोय, मध्येच कोकम सरबत. काकीच्या कप्प्यात गडी मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात, नवी त्या मापाची येत नाहीत आणि ऐन सप्त्यात देवाच्या डोक्यावर पाणी ठिबकतं. तिला स्लॅब हवाय. दरवर्षी पेरायचा कंटाळा आलेल्या माणसाला गिरणीतलं सेटिंग हवं असतं, तसाच. शेत पुन्हा पुन्हा पेरण्यात मजा होती असं मी म्हणतो, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि माझं उद्या काही अडत नव्हतं हे सांगायचं राहून जातं.

तरीही पिवळे-गुलाबी खांब मला मान्य नाहीत.

चांगला जीर्णोद्धार कसा असतो तो मी एकदा पडद्यावर पाहिलाय. जून २०२०, टाळेबंदी, मी डोंबिवलीच्या खोलीत अडकलेला. रायगड-दापोलीकडे नुकतंच निसर्ग वादळ होऊन गेलेलं, आमच्या तालुक्यात फारसं काही नव्हतं पण फोन लागेपर्यंत जीव टांगणीला. त्याच आठवड्यात 'कमांड अँड कॉन्कर' या लढाईच्या खेळाची नवी आवृत्ती निघाली. मूळ खेळ १९९५चा, लास वेगसच्या वेस्टवुड या कंपनीचा. वेस्टवुड ईएने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने, घेतलं आणि २००३मध्ये मोडीत काढलं, तिथली माणसं बाहेर पडली, त्यांतल्या काहींनी पेट्रोग्लिफ नावाची कंपनी काढली. मूळ खेळाच्या पंचविशीला निघालेल्या या आवृत्तीचं काम ईएने त्यांनाच दिलं. संगीतसुद्धा मूळच्याच संगीतकाराने, फ्रँक क्लेपाकीने, पुन्हा वाजवलं. मूळ सुताराला बोलावून, त्याच्याच हाताने सांधा काढून घेतल्यासारखं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट : एकट्याने खेळताना स्पेसबार दाबला की नवं चित्र जाऊन जुनं येतं. चालू लढाईत, तिथल्या तिथे. पुन्हा दाबलं की पुन्हा नवं.

मी पहिल्यांदा स्पेसबार दाबला तेव्हा दचकलो. जुनं इतकं भरड होतं? डॉसमधला मूळ पडदा ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा, रणगाडा म्हणजे ठिपक्यांचा पुंजका. माझ्या डोक्यात जो खेळ होता तो या नव्या चित्रासारखा होता. स्मरणशक्तीने माझ्या नकळत सगळ्या कडा घासून, रंग भरून ठेवले होते, आणि मी त्यालाच मूळ समजत होतो. ते बटण नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की जुनं असंच होतं. मी तो खेळ नीट संपवलाच नाही. बटण दाबत बसलो.

सगळ्यांना ही बुद्धी होत नाही. त्याच वर्षी जानेवारीत 'वॉरक्राफ्ट ३'ची रिफोर्ज्ड आवृत्ती आली. ज्यांनी नवी घेतली नाही, ज्यांच्याकडे २००२चा जुना खेळ सुखाने नांदत होता, त्यांच्या संगणकावरही नवाच प्रोग्रॅम येऊन बसला, आणि सामन्यांच्या क्रमवारीसारख्या काही सोयी त्यात गायब. लोक चिडले, कंपनीला पैसे परत द्यावे लागले. जुनं देऊळ पाडल्याशिवाय नव्याचा पाया खणता येत नाही हे चिऱ्यांच्या बाबतीत खरं असेल, फायलींच्या बाबतीत ते खरं का असावं? 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'ची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. २०१५मध्ये त्याची एचडी आवृत्ती निघाली ती दोन्ही पुरवण्यांशिवाय, कारण त्या पुरवण्यांचा मूळ कोडच सापडला नाही. १९९९-२०००ची गोष्ट ही, शिवकालीन नव्हे. कोणाच्या तरी कपाटातली डिस्क कोणीतरी आवरताना टाकून दिली असेल. उलट ईएने 'कमांड अँड कॉन्कर'चा गाभ्याचा कोड सगळ्यांना खुला करून दिला. कंपनी उद्या राहिली नाही तरी चालेल, ज्याला हौस आहे त्याने शाकारावं.

भाच्याला यातलं थोडंफार सांगितलं. त्याने सहनशीलपणे ऐकलं. त्याचा प्रश्न निराळा होता : "यात मराठे का नाहीत?" २०२२च्या पुरवणीत भारतीय म्हणून जे एकच गाठोडं होतं ते सोडून हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार वाटे केलेत. द्रविडांचं आरमार भारी आहे, त्यामुळे तो त्यांनाच घेतो. काळाच्या हिशेबाने मराठे त्या खेळात बसत नाहीत हे त्याला पटलं नाही. त्याने जहाजांना काही नावं ठेवलेली नाहीत. मी गुराब-गलबताचं सुचवलं तर म्हणाला, "पण त्याचं नाव थिरिसदई आहे ना, लिहिलंय तिथे." बरोबर आहे. त्याच्या खेळात माहिती भरपूर आहे. आमच्या खेळात नव्हती, म्हणून आम्ही घरची घातली.

एक अडचण मात्र त्याला माझ्याइतकीच जाचते. चौथ्या दिवशी पाऊस लागून राहिला आणि नेट गेलं. खेळाने नवीन अपडेट मागितलं होतं ते अर्ध्यावर लटकलं, आणि तो उघडेना. आता खेळ विकत घेणं म्हणजे एका खात्याला मिळालेली परवानगी, आणि खातं ढगात. आमच्या गावात ढगांची कमतरता नाही, रेंजची आहे. पुन्हा आणलेला जुना खेळ जर दर वेळी दूरच्या सर्व्हरला विचारून उघडणार असेल, तर तो सर्व्हर बंद होईल त्या दिवशी त्याचा पुन्हा तोच जांभळा समुद्र होणार, आणि या वेळी टास्क मॅनेजरने भागणार नाही. म्हणून मला ते गॉगवाल्यांचं बरं वाटतं. इन्स्टॉलर उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर ठेवा, नेट असो नसो. 'हीरोज ३' माझ्याकडे तसा होता, दोन्ही पुरवण्यांसकट. तो दिला त्याला. नाक मुरडलं, मग रात्री जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

देवळाच्या सभेला विसर्जनाआधी गेलो. स्लॅब होणार हे ठरल्यात जमा होतं, आणि काकीच्या बादल्या ऐकल्यावर मी त्याला विरोधही केला नाही, पावती फाडली. गाभारा तसाच राहतोय. रंगाबद्दल मी जेवढं बोलायचं तेवढं बोललो, पिवळा जाईल असं वाटतं, गुलाबीचं सांगता येत नाही. प्रश्न उरला जुन्या खांबांचा. अध्यक्ष म्हणाले, विकून टाकू, मुंबईचे हॉटेलवाले असल्या खांबांना चांगले पैसे देतात. मी म्हटलं, विकू नका, आमच्या पडवीत ठेवा, पुढेमागे कोणाला मंडप पुन्हा तसा करावासा वाटला तर माप तरी मिळेल. सुताराने प्रत्येक खांबावर खडूने नाही, कोरून आकडा घालावा, आणि कुठला कुठे होता त्याचा नकाशा काढून ठेवावा. यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, वाळवीचं काय? दर उन्हाळ्यात काजूच्या टरफलाचं तेल द्यावं लागतं, ते कोण देणार?

सभेत बायका मागे बसल्या होत्या. तिथून काकीचा आवाज आला, "ठेव पडवेत, माझी ना नाय. पण तेल लावूक तूच ये. माका सांगू नको."

हाताला ते तेल लागलं तर कातडी सोलून निघते, हातमोजे घालावे लागतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याची रजा टाकली आहे, आणि भाच्याच्या आईला सांगून ठेवलंय की त्याची परीक्षा संपलेली असेल.